सेंदीखान्यातल्या बायका

माझी नात लातूरला ज्या क्लासमध्ये डॉक्टर व्हायची तयारी करते, त्या क्लासची इमारत चांगली उंच आहे, आणि तिच्या तळमजल्यावर जिथं मुलांच्या चपलांचं कपाट आहे, साधारण तिथंच माझ्या वडिलांच्या सेंदीखान्याचा दरवाजा होता. हे मी तिला ॲडमिशनच्या दिवशीच सांगून टाकलं. तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं नाही याची खात्री केली आणि म्हणाली, "आजी, हळू बोल." माझी सून नांदेडला परत येईपर्यंत गाडीत गप्प होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्या घरचा धंदा ऐकला की लोक गप्प होतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचा व्यवसाय 'व्यापार' असा लावलेला होता. कसला व्यापार हे वर्गात कुणी विचारत नसे, कारण माझ्या दप्तरालासुद्धा आंबूस वास यायचा.

सेंदी म्हणजे शिंदीच्या झाडाचा रस. पहाटे उतरवला तर गोड लागतो, दुपारपर्यंत आंबतो, आणि संध्याकाळपर्यंत एखाद्या अबोल माणसालाही गाणं म्हणावंसं वाटेल इतपत चढतो. आमचे लोक मूळचे बिलोलीच्या पलीकडचे, घरात तेलुगू बोलणारे. माझे आजोबा निजामाच्या राज्यात ठेका घेऊन लातूरला आले आणि इथलेच झाले. त्या वेळच्या लातुरात पेठेकडून उतरायला लागलं की आधी कासारओळ लागायची, मग पिंजारगल्ली, आणि पिंजारगल्ली जिथं इतकी अरुंद व्हायची की समोरून म्हैस आली तर माणसानं मागं फिरावं, तिथून आमची सेंदीगल्ली सुरू व्हायची. या तिन्ही गल्ल्या आता नाहीत. आता तिथं रस्ता आहे, चांगला रुंद आहे, मधे दुभाजक आहे आणि दुभाजकात कण्हेरी लावलेली आहे. त्या रस्त्यावरून जाताना मी रिक्षावाल्याला अजूनही सांगते, "बाबा, पिंजारगल्लीत जरा हळू घे." तो आरशातून माझ्याकडं बघतो.

पुढं दुकान, मागं आमचं घर आणि मधे मोठं अंगण, अशी ती जागा होती. अंगणात एक जुना लिंब, त्याच्याखाली लांबच लांब बाकडी आणि कोपऱ्यात आड. गिऱ्हाइकं दुकानातून मोगा भरून घ्यायची आणि लिंबाखाली येऊन बसायची. मोगा म्हणजे मातीचा, बिनकानाचा पेला. त्याला एकदा सेंदीचा वास लागला की तो फुटेपर्यंत जात नसे. पहाटे सायकलींना मडकी बांधून माणसं यायची, तेव्हा दगडी फरशीवरून सायकली धडधडायच्या आणि मडकी एकमेकांना घासून कुरकुरायची. माझी झोप त्या आवाजानं मोडायची. दुपारी सगळं शांत असायचं, फक्त गफूरचाचांचा घोडा गल्लीत उभा राहून शेपटीनं माश्या हाकलायचा. गफूरचाचा टांगा चालवायचे आणि टांग्यावर जेवढा वेळ असायचे त्याहून जास्त वेळ आमच्या बाकड्यावर असायचे. संध्याकाळी मग आवाज चढत जायचे. मी पाढे पाठ करायला बसायची ती याच वेळी, त्यामुळं माझे सतराच्या पुढचे पाढे अजूनही चालीत येतात.

माझे वडील, ज्यांना आम्ही बापू म्हणायचो, स्वतः सेंदी पीत नव्हते. त्यांचं पोट नाजूक होतं. आंबट काही चालत नसे, ताकसुद्धा नाही. ते दिवसभर गल्ल्यावर बसून चहा प्यायचे. दुकानाचे त्यांचे कायदे होते आणि ते पोलिसांच्या कायद्यापेक्षा कडक होते. लहान मुलाला आत पाऊल टाकू द्यायचं नाही. आई-बहिणीवरून शिवी दिली तर मोगा काढून घ्यायचा. एकदा येऊन गेलेला माणूस त्याच दिवशी पुन्हा आला तर त्याला चहा पाजून घरी पाठवायचं. आजोबांच्या काळापासून तिथं कुणाची जात विचारली जात नसे आणि मोगे सगळ्यांचे तेच असत. आमच्या गल्लीतले देवळात वेगवेगळे उभे राहणारे पुरुष लिंबाखाली मांडीला मांडी लावून बसायचे.

आई, म्हणजे आमची अम्मा, मागच्या चुलीवर मिरच्या तळायची, हरभरे उकडायची, शेंगा भाजायची. गल्लीतला प्रत्येक पुरुष अम्माच्या हातच्या मिरचीचं कौतुक करायचा, बहुतेक स्वतःच्या बायकोसमोरही करत असावा, कारण गल्लीतली एकही बाई अम्माशी बोलत नसे. घरात आमचं जेवण सगळ्या लातूरचं असतं तसंच होतं. सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला, दुपारी भाकरी आणि येसराची आमटी, नाहीतर अंबाडीची भाजी, जिला आम्ही पुंटीकूर म्हणायचो. पण ते खायला शेजारची वाटी कधी आमच्याकडं आली नाही आणि आमची गेली नाही. संक्रांतीला बायका वाण घेऊन घरोघर जायच्या. अम्मा त्या दिवशी मागचं दार उघडं टाकून, चांगलं लुगडं नेसून उंबऱ्याच्या आत बसायची. पैंजणांचे आवाज दारासमोरून जायचे. दिवेलागणीला अम्मा लुगडं बदलायची आणि मिरच्या तळायला बसायची.

दुकानाच्या सगळ्यात मोठ्या विरोधक होत्या आमच्या शाळेतल्या सोनकांबळे बाई. त्या मला मराठी आणि इतिहास शिकवायच्या, आणि अतिशय चांगलं शिकवायच्या. त्यांच्या दलित वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी त्याच. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला मुलगा उठून उभा राहावा. दरवर्षी त्या नगरपालिकेत, कचेरीत, जिथं जमेल तिथं अर्ज द्यायच्या की सेंदीगल्लीतलं दुकान बंद करावं. अर्ज दिला की मला वर्गात सांगायच्या, "वडिलांना सांग, यंदाचा अर्ज दिलाय." मी घरी येऊन सांगायची. बापू म्हणायचे, "बाईला म्हण, बरं केलं." दारूबंदी सप्ताहात त्या शाळेची प्रभातफेरी नेमकी आमच्या दुकानावरून काढायच्या. माझा आवाज मोठा म्हणून घोषणा द्यायला मला पुढं उभं करायच्या. "दारूची बाटली, संसाराची वाट लागली," असं मी माझ्याच वडिलांच्या दुकानासमोर उभी राहून ओरडायची. बापू गल्ल्यावरून उठून बाहेर यायचे, सगळ्या मुलांना लिमलेटच्या गोळ्या वाटायचे आणि संध्याकाळी मला विचारायचे, "बाकी सगळं ठीक हाय, पर आपल्याकडं बाटली हायच कुठं?" पुढच्या वर्षी मी ही अडचण बाईंना सांगितली. बाईंनी विचार केला आणि मोग्याला यमक सापडत नाही म्हणून बाटलीच ठेवली.

त्या साली पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. मोठ्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं या दुष्काळाला दुष्काळ म्हणायलाच तयार नव्हती, पण आमच्या गल्लीपुरता तो पुरेसा होता. संक्रांतीनंतर नळाला हवा यायला लागली. कासारओळीतला आड आटला, पिंजारगल्लीतला आटला. शिंदीच्या झाडांनीही हात आखडता घेतला, मडकी अर्धी यायला लागली. एकट्या आमच्या आडाला पाणी होतं, तेही गोड. उपसलं की तळ दिसायचा, पण थोडं थांबलं की पुन्हा झिरपून यायचं. अम्मा म्हणाली, लोकांना नेऊ द्या. बापू 'हाव' म्हणाले, म्हणजे हो. गफूरचाचांनी टांग्यातून गल्लोगल्ली सांगितलं की सेंदीखान्यात पाणी मिळतंय. लोक हसले. इतकी वर्षं सेंदीत घालून देत होते, आता वेगळं देऊन राहिले, असं कुणीतरी म्हणालं, आणि बापूंना ते दोन दिवस लागलं, कारण त्यांनी सेंदीत पाणी कधीच घातलं नव्हतं.

पण बायका येईनात. सेंदीखान्याचा उंबरा ओलांडणार कोण? पोरांना पाठवावं तर बापूंचा कायदा आडवा येई. पुरुषांना सांगावं तर ते येत, पण घागर भरायची विसरून जात. बायका आमच्या दारासमोरून डोक्यावर पदर ओढून जायच्या, पार नाक्यावर टँकरच्या रांगेत उन्हात उभ्या राहायच्या आणि अर्धी घागर घेऊन पुन्हा आमच्याच दारासमोरून परत यायच्या. अम्मा खिडकीतून बघायची. मला वाटतं संक्रांतीच्या पैंजणांपेक्षा हे तिला जास्त लागत असावं, कारण आता तिच्याकडं देण्यासारखं काहीतरी होतं.

एक दिवस सकाळी सोनकांबळे बाई आल्या. कमरेवर पितळी घागर, खांद्यावर दोर. समोरच्या ओट्यांवर बायका उभ्याच होत्या. बापू गल्ल्यावरून उठून उभे राहिले, चहाचा कप हातातच होता.

"व्यंकटराव," बाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या, "मी पाण्याला आलेय. अर्ज मागं घेतलेला नाही."

"हाव बाई," बापू म्हणाले. "अर्ज ऱ्हाऊ द्या. या आत."

बाई आत आल्या. बाकड्यांकडं, मोग्यांच्या उतरंडीकडं त्यांनी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं बघून घेतलं आणि आडात घागर सोडली. त्यांच्या मागून एक बाई आली, मग दोघी, मग रांगच लागली. काही जणींची पावलं बाईंची घागर आडाला लागलेली बघून घुटमळली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अम्मानं ते पाहिलं आणि बाईंच्याच घागरीतलं पाणी मोग्यात घेऊन सगळ्यांदेखत प्याली. ऊन चढलं तशा घुटमळलेल्याही आल्या. पुरुषांनी जातीचा तो प्रश्न त्याच अंगणात कधीच सोडवला होता, पण घरी जाऊन ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता झिरपणाऱ्या आडाचा स्वभाव असा की दोन घागरी भरल्या की थांबावं लागायचं. उभं किती वेळ राहणार? बायका आधी जमिनीवर टेकल्या. मग एकीनं बाकड्याच्या टोकाला बूड टेकलं. आठवड्याभरात त्या बाकड्यांवर पाय वर घेऊन बसायला लागल्या. लिंबाची सावली, खालून गार फरशी, हाताला काम असलं तर असलं. कुणी चिंच फोडायला आणायची, कुणी शेवया वळायला. घागर भरून झाली तरी उठायची घाई नसे. आता या वयात मला कळतं की त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर नुसतं बसायला जागा मिळाली होती. पुरुषांना पार होता, हॉटेल होतं, चावडी होती, आमचं दुकान होतं. बाईमाणूस बाहेर दिसली की ती कुठंतरी निघालेलीच असायला हवी. इथं निघायचं नव्हतं. अम्मा आधी मागच्या दारात उभी राहून बघायची, मग हरभऱ्याचं पातेलं घेऊन बाहेर आली, आणि मग तीच मधल्या बाकड्यावर बसायला लागली. बाई दुपारी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि त्यावरून वाद व्हायचे. हसण्याचे आवाज पिंजारगल्लीपर्यंत जायचे. बापू कानावर हात ठेवून म्हणायचे, "पुरुष पिऊन एवढा गोंधळ करत न्हाईत, ह्या पाण्यावर करून राहिल्या."

पुरुषांचे हाल झाले. संध्याकाळी यावं तर आत बायका. तेही दुसऱ्यांच्या असत्या तर गोष्ट वेगळी, प्रत्येकाची स्वतःचीच तिथं होती. गफूरचाचा एकटे निर्लज्जपणे येत, कारण चाची कधीच वारल्या होत्या. पण तेही येऊन मोगा हातात घ्यायला लाजायचे आणि बायकांना पाणी शेंदून द्यायचे. बाकीचे लोक घोड्याच्या आडोशाला उभं राहून घाईघाईनं दोन घोट घ्यायचे आणि घोड्याकडं बघत राहायचे.

खरी गंमत झाली ती विश्वनाथअप्पांची. अप्पांचं कासारओळीत किराणा दुकान होतं. कपाळाला भस्म, शब्द मोजून बोलणार. ते रोज दिवेलागणीला महादेवाच्या दर्शनाला म्हणून घरून निघायचे, देवळाला बाहेरून नमस्कार करायचे आणि मागच्या बोळातून आमच्या अंगणात यायचे. दुष्काळात त्यांची बरीच धावपळ झाली होती, दुकानाच्या मालासाठी मुखेड-उदगीर करत ते कित्येक दिवस बाहेरगावी होते, त्यामुळं अंगणात काय चाललंय याची त्यांना कल्पना नव्हती. परत आल्या आल्या ते सवयीनं मागचं दार ढकलून आत शिरले आणि समोर नागरबाई, म्हणजे त्यांची बायको, बाकड्यावर मांडी घालून चिंचोके निवडत बसलेली. आडात दोर लोंबत होता त्याचा तेवढा करकर आवाज येत होता.

"तुमी हितं?" नागरबाई म्हणाल्या.

अप्पांनी लिंबाकडं बघितलं, आडाकडं बघितलं आणि म्हणाले, "पाण्याला आलो."

नागरबाईंनी त्यांच्या हातांकडं पाहिलं. हातात तांब्यासुद्धा नव्हता. त्यांनी शांतपणे पायाशी ठेवलेली भरलेली घागर उचलली, अप्पांच्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "मग घ्या." अप्पा पुढच्या दारानं, भर गल्लीतून, खांद्यावर घागर घेऊन घरी गेले. एकदा पाण्याला आलो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी न येऊन चालणार नव्हतं. पाऊस येईपर्यंत अप्पा रोज दोन घागरी वाहत होते. त्यांची ढेरी त्या उन्हाळ्यात गेली ती पुन्हा आली नाही, आणि पुढं ते दीर्घायुषी झाले, हे नागरबाई अभिमानानं सांगायच्या.

त्याच नागरबाई एका दुपारी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आमच्या मागच्या दारात आल्या. त्यांच्या थोरल्या मुलीचं डोहाळजेवण होतं, अम्माला बोलावणं होतं. अम्मानं बोलावणं घेतलं आणि त्या गेल्यावर मला विचारलं की डोहाळजेवणाला काय नेतात. मला काय माहीत? शेवटी ती नवा खण आणि एक डबाभर मिरच्या घेऊन गेली. परत आली तेव्हा मी विचारलं, जेवायला काय होतं. अम्माला आठवेना. ती म्हणाली, "मला पोरीच्या जवळ बसवलं, बाजूलाच." आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली. मिरच्या मात्र त्या पोरीनं एकटीनं संपवल्या असं कळलं.

श्रावण आला तरी आभाळ कोरडंच होतं, आणि त्या कोरड्या आभाळाखाली लातूरचा जिल्हा झाला. इतके दिवस लहानसहान कामाला उस्मानाबादला जावं लागायचं, ते आता संपलं, म्हणून फटाके उडाले, पेढे वाटले. गफूरचाचांनी घोड्याच्या कपाळाला गुलाल लावला आणि आठवडाभर सगळ्यांना सांगितलं की हा आता तालुक्याचा घोडा न्हाई, जिल्ह्याचा हाय. घोड्यात काही फरक पडलेला दिसला नाही. पण जिल्हा झाला म्हणजे साहेब आले, साहेब आले म्हणजे जीपगाड्या आल्या, आणि आमच्या गल्लीत जीप शिरली ती पिंजारगल्लीच्या तोंडाशी अडकून बसली. ती काढायला दोन्हीकडचे ओटे थोडे थोडे फोडावे लागले. त्यानंतर महिन्याच्या आत साखळी घेऊन मोजणीची माणसं आली. त्यांनी भिंतींवर चुन्याच्या खुणा केल्या. एक खूण आमच्या लिंबावर आली आणि एक आडाच्या काठावर.

मोजणीचे साहेब तरुण होते, पुण्याकडचे, बोलायला गोड. एका दुपारी ते स्वतः अंगणात आले. त्यांना वाटलं होतं आत दारुडे असतील. आत सगळ्या बायका. ते गोंधळले, पण लगेच त्यांचा चेहरा खुलला. कचेरीत त्यांना या दुकानाविरुद्धचे अर्ज सापडले होते, गठ्ठाच होता म्हणे. त्यांनी बायकांना आनंदाची बातमी दिली की तुमची इतक्या वर्षांची मागणी मान्य झाली, रस्ता रुंद होतोय आणि त्यात हे दुकान पूर्ण जातंय. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी सोनकांबळे बाईंकडं पाहिलं. मीही पाहिलं. बापू गल्ल्यावरून मान वाकडी करून ऐकत होते. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी भांडलो ती कुणी आयती हातात आणून ठेवल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी तेव्हा एकदाच बघितलं.

"अर्ज माझेच आहेत," बाई म्हणाल्या. "दारू बंद करा म्हणून दिलेत. बायकांची बसायची जागा बंद करा, असं कुठं लिहिलंय दाखवा."

साहेब म्हणाले की बायकांच्या बसण्याचा नकाशात काही उल्लेख नाही. बाई म्हणाल्या, तेच तर म्हणतेय. साहेबांनी नकाशा बाकड्यावर पसरला. नागरबाईंनी चिंचोक्यांची टोपली बाजूला घेतली आणि सगळ्या बायका वाकून नकाशा बघायला लागल्या. रस्ता कुठून कुठं जातो, आड मधे येतो, पाणी कुणाला लागतं, हे एकेक करून त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी घाम पुसला आणि पाणी मागितलं. अम्मानं सवयीनं मोग्यात दिलं. साहेबांनी मोगा तोंडाशी नेला, वास आला, थांबले. इतक्या बायका बघत होत्या की त्यांना ते प्यावंच लागलं. मग रस्ता तर आपल्याला हलवता येणार नाही, असं ते खरं खरं म्हणाले. पण काम सेंदीगल्लीकडून सुरू करायच्याऐवजी पेठेच्या टोकानं सुरू करतो, म्हणजे पाऊस होईपर्यंत आडाला हात लागणार नाही, एवढं त्यांनी कबूल केलं आणि तेवढं पाळलं. त्यांच्या ड्रायव्हरनं मात्र दारातून फक्त मोगा पाहिला होता. साहेबांनी भर दुपारी सेंदीखान्यात बसून घेतली, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या नव्या जिल्ह्याला कळली होती.

परतीचा पाऊस बरा झाला. नळाला पाणी आलं. बायकांना आता आडाची गरज नव्हती, तरी त्या येत राहिल्या, रिकाम्या घागरी घेऊन. मग पेठेकडून पाडापाडी जवळ येत गेली आणि गल्ली सोडायची वेळ आली. बापूंनी ठेका पुन्हा घेतला नाही. स्टँडजवळ त्यांनी पुढं चहा आणि सुशीलाचं हॉटेल टाकलं, ते बरं चाललं, पण ती गोष्ट नंतरची.

दुकानाच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळे आले. पुरुषही आले आणि बायकाही, पहिल्यांदाच एकत्र. पुरुष एका बाजूच्या बाकड्यांवर, बायका दुसऱ्या. अम्मानं घरातलं होतं नव्हतं ते बेसन संपवून मिरच्या तळल्या. बापूंनी शेवटचं मडकं फोडलं नाही, उघडलं, आणि ज्याला हवं त्याला दिलं. तेवढ्यात सोनकांबळे बाई उठून मडक्यापाशी गेल्या आणि बापूंना म्हणाल्या की मलाही थोडी द्या. बापूंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं जिच्याविरुद्ध बोलले ती मी कधी चाखली न्हाई. मास्तरणीनं असं करणं बरं न्हाई."

बापूंनी मोगा दिला, अगदी तळाला बोटभर. बाईंनी एक घोट घेतला. तोंडात घोळवला. सगळं अंगण त्यांच्याकडं बघत होतं. त्यांनी तो गिळला, मोगा खाली ठेवला आणि पुरुषांच्या बाकड्यांकडं वळून खऱ्या आश्चर्यानं म्हणाल्या, "आंबलेलं नारळपाणी हाय हे. याच्यापायी बायका मार खातात?"

कुणी वर बघेना. अप्पा आपल्या अंगठ्याकडं बघत होते. गफूरचाचा हळूच बोलले, "इसके पायी कौन मारता, बाई. जो मारता, वो वैसे बी मारता. ये तो खाली नाम को."

बाई म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतं, गफूरभाई. मी एवढी वर्षं चुकीच्या दारात उभी होते."

गल्ली पडायला अजून काही दिवस होते. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई एकेका घरात जाऊन बायकांना विचारायला निघाल्या. पहिलं घर आमचं. त्यांनी बापूंना अंगणात थांबायला सांगितलं आणि अम्माला आत नेऊन दार लावून घेतलं. बापू लिंबाखाली उभे राहिले. बसायला बाकडं होतं, तरी उभेच. चहाही मागितला नाही. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा अम्मा हसल्यासारखी वाटली, तेव्हा बापूंनी माझ्याकडं पाहिलं. दार उघडलं. बाई बाहेर आल्या, बापूंना एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, "ठीक आहे," म्हणाल्या आणि शेजारच्या घराकडं चालू लागल्या.

बापूंनी टोपी काढून डोकं पुसलं आणि मला म्हणाले, "पास झालो वाटतं."